निळे ठिपके

१४ मार्च २०२४, गुरुवार. सकाळी ऊन, दुपारनंतर वारा. नळ दुरुस्त करणारा आला नाही. गुडघा कालच्यापेक्षा बरा. संध्याकाळी भिंगरी आली, दोन बॅगा घेऊन. जेवली नाही. चहा घेतला, तोही अर्धा टाकला.

भिंगरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून हे नाव पडलं, आणि मोठेपणी काम मिळालं ते सूक्ष्मदर्शकापुढे दिवसभर मान मोडून बसण्याचं. डॉक्टरेट झाल्यावर ती इथल्याच एका संशोधन संस्थेत लागली. शिक्षण सगळ्यांत जास्त आणि नोकरी वर्षावर्षाच्या बोलीची. विषय कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. माझ्या यजमानांना तोच होता. शेवटी शेवटी शर्टाचं एक बटण लावायला त्यांना सकाळ पुरत नसे, आणि मी मदतीला गेले की चिडत.

जाण्याआधी त्यांनी इस्पितळात दंडावरच्या कातडीचा तुकडा संशोधनासाठी दिला होता. असे तुकडे भिंगरीच्या प्रयोगशाळेत जात. तिथे कातडीच्या पेशींना पुन्हा बाल्यावस्थेत नेतात आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवतात, या आजारात ज्या मरतात त्याच. तुकड्यांवर फक्त क्रमांक असतो, माणूस कोण ते प्रयोगशाळेत कळू देत नाहीत. पण सात नंबरच्या पेशी फार संथ वाढायच्या, आणि हिने ठरवून टाकलं की हेच काका.

"कशावरून गं?" मी विचारलं.

"घाई केली की रुसतात. दुसरं कोण असणार?"

या पेशींना दिवसाआड ताजं पोषकद्रव्य घालावं लागतं. त्यात रविवार नाही, ताप नाही, घरचं लग्न नाही. काचेच्या आडोशाखाली हात घालून ती पेशींची बशीमागून बशी भरवायची आणि त्यांच्याशी बोलायची. "काका, जेवून घ्या बरं. पानात टाकायचं नाही." तिची आई म्हणायची, "लोकांच्या मुली पोरं सांभाळतात, आमची पेशी सांभाळते." मी हसायची. पण सात नंबर आज कसे आहेत, हे मात्र रोज फोनवर विचारायची.

प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात आणि त्यांना स्वतःची जनुकं असतात. एक रंग घातला की जनुकं निळी उजळतात. निरोगी पेशीत ठळक दिसतो तो एकच निळा गोळा, केंद्रकाचा, कारण पेशीची मुख्य जनुकं तिथे असतात. भिंगरीला रुग्णांच्या पेशींत त्या गोळ्याभोवती बारीक निळे ठिपके दिसले. भट्ट्या फुटून त्यांची जनुकं बाहेर सांडतात आणि त्यानेच पेशी मरते, असा तिने अर्थ लावला. त्यावर तिची तीन वर्षं गेली. तिच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, खूश होत्या. शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला होता, आणि तो छापून आला की कायमची जागा जवळजवळ ठरलेली.

जानेवारीत निरोगी माणसांच्या पेशींची उबपेटी बिघडली, म्हणून त्या रुग्णांच्या पेशींबरोबर एकाच उबपेटीत ठेवल्या. काही आठवड्यांनी त्यांतल्या एकीतही ठिपके दिसले. भिंगरी धावत माझ्याकडे आली. "मावशी, या माणसालाही पुढे होणार असेल! आपल्याला आधीच कळलं!" मग दुसऱ्या निरोगी माणसाच्या पेशींत दिसले. मग तिसऱ्याच्या. त्या रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मधेच तिने सुरी खाली ठेवली.

"कंपवाताची साथ येत नाही, मावशी. साथ जंतूंची येते."

चाचणी केली. मायकोप्लाझ्मा. इतका बारीक जंतू की त्याने द्रव गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसतही नाही. प्रयोगशाळेत पोषकद्रव्यात आधीपासून जंतुनाशक औषध घालायची सवय होती, म्हणून नव्या पेशी आल्या की एकदा तपासायच्या आणि मग विसरायच्या. या जंतूला ते औषध लागूच पडत नाही. ठिपके भट्ट्यांच्या जनुकांचे नव्हते, त्याच्या जनुकांचे होते. पुढच्या तपासणीत कळलं की ही जात माणसाच्या तोंडात राहते.

"बोलताना उडते," भिंगरी म्हणाली.

"तुझ्याच तोंडातून कशावरून? तिथे इतकी माणसं आहेत."

"बाकी कुणी बोलत नव्हतं त्यांच्याशी."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. "पुन्हा तपास," म्हणाल्या. "आणि कुठेही काही कळवण्याआधी नीट विचार कर. तुझी मुलाखत पुढच्या महिन्यात आहे." तिने पुन्हा तपासलं. गोठवून ठेवलेल्या कुप्याही तपासल्या, कारण एक जरी स्वच्छ निघाली असती तरी तिथून सुरुवात करता आली असती. एकही निघाली नाही.

"गप्प बसले तर?" तिने मला विचारलं. आम्ही दोघी जिन्यात बसलो होतो. "कुणाला कळणार आहे?"

मग तीच हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. "उद्या लोक यावर औषध शोधत बसतील, मावशी. माझ्या थुंकीवर."

दुसऱ्या दिवशी तिने निबंध मागे घ्यायला लावला. मॅडमनी सही केली, पण त्यानंतर तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. बोली वाढवणार नाही, एवढं कळवलं.

आज तिचा शेवटचा दिवस होता. उबपेटी रिकामी करायचं काम तिलाच दिलं. प्रत्येक बशीत ब्लीच ओतायचं, थांबायचं आणि बेसिनमध्ये सोडायचं.

"सात नंबर?" मी विचारलं.

"सगळ्यात शेवटी."

"काही बोललीस का त्यांच्याशी?"

"तोंडाला पट्टी होती," ती म्हणाली.

मी विचारलं, कातडीचा मूळ तुकडा थोडा तरी उरला असेल ना. तिने नाही म्हणून मान हलवली. सगळा वापरून झाला होता. "आणि काकांकडून आता पुन्हा कसा मागायचा?"

मग ती बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली. बूटसुद्धा काढले नव्हते. मी काढले. तिने पाय आखडून घेतले.

स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. खाली पातेलं ठेवलं.