दीड मुठीची चूल

"एकट्या बाईला कशाला हवी वेगळी चूल?" हे वाक्य मी पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलं, शिकल्यासवरल्या मास्तरांच्या तोंडून ऐकलं, आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खरं लिहायचं तर एकदा ते माझ्याही तोंडून गेलेलं आहे. ज्या बाईसमोर गेलं तिची ही हकिकत.

बहात्तरचा दुष्काळ. भिंगार मागं टाकून पूर्वेला चालत राहिलं की डोंगराच्या पायथ्याला एक गाव लागतं. तिथं पाझर तलावाचं काम चालू होतं आणि कामावरच्या बायांना पाणी, सावली, वेळेवर हजेरी मिळावी म्हणून माझी रोज मुकादमाशी भांडणं चालू होती. जेवायच्या सुट्टीत बाया घोळक्यानं बसायच्या. हिची भाजी तिच्या भाकरीवर, तिची चटणी हिच्या. मनकर्णा मात्र जरा बाजूला, दगडाकडं पाठ करून बसायची. फडकं सोडायची, एक जाड भाकरी, कडेला चांगली करपलेली, तिच्यावर लसणाचा लालभडक ठेचा, तिथंच दगडावर वाटलेला. सावकाश जेवायची. एवढ्या धावपळीत इतकं सावकाश जेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पन्नाशीला टेकलेली. कोरडी, काटक. विसाव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ही भावाकडं आली ती कायमची. भाऊ पुंजाराम तिच्याहून चार वर्षांनी लहान, त्याची बायको बनुबाई.

एक दिवस कामावरच मला म्हणाली, "दादा, तुमी अर्ज लिवता म्हनं. मला रेशनचं कारड काढायचंय. माझं एकटीचं."

"तुमचं नाव भावाच्या कार्डात असेलच की."

"हाय. पुंजाराम आनतो, बनू रांधती, मी खाती."

"मग बरंय की. एकट्या बाईला कशाला हवी वेगळी चूल?"

ती हातातला हातोडा खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी एकटे ऱ्हाता ना भिंगारला?"

"हो."

"जेवता का उपाशी ऱ्हाता?"

तिनं हातोडा पुन्हा उचलला.

"पुंजारामाला पित्ताचा तरास. लगीन झाल्यापास्नं. त्येच्यासाठनं घरात तिखट न्हाई, लसून न्हाई, शेंगोळ्याचं नाव न्हाई. त्येच्या पोटाला सोसंल त्ये सगळ्यांनी खायाचं. मी काय म्हननार? भावाचं घर. अठ्ठावीस वर्सं दुसऱ्याच्या जिभंचं खाल्लं, दादा. आता हात चालत्यात, हजेरी माझ्या नावानं लागती. ऱ्हायलेलं तरी माझ्या जिभंचं खाईन."

मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला.

दिवाळीनंतर तिनं घरामागची पडवी झाडून घेतली. गावठाणातली पांढरी माती, गव्हाचा भुस्सा, दोन दिवस तुडवून तुडवून स्वतःच्या हातानं चूल घातली. वैलाचं, म्हणजे बाजूचं दुसरं तोंड नसलेली, एका तव्यापुरती. तवाही बेतानं. एवढासा तवा पाहून गावातल्या बाया हसायच्या. "मनकर्णाक्का, भातुकली मांडली का वं?" ही म्हणायची, "व्हय, अन् बाहुला बी न्हाई त्यात. लई निवांत."

एकाचा स्वयंपाक किती अवघड असतो ते मी तिच्या पडवीच्या उंबऱ्यावर बसून शिकलो. मी आपला मूठभर डाळीत तांब्याभर पाणी घालणारा आणि उरलं की तीन दिवस तेच खाणारा माणूस. ती म्हणायची, उरलं तर शिळं आणि कमी पडलं तर उपास, म्हणून एकट्यानं हाताला माप लावायचं. दीड मूठ पीठ. त्या दीड मुठीत एक जाड भाकरी, सकाळी अर्धी, दुपारी अर्धी. संध्याकाळी पुन्हा दीड मूठ. रेशनला तेव्हा लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, यायचा, त्याची भाकरी हातात तुटायची, बाया शिव्या घालायच्या. ही पाण्याला उकळी आणून त्यातच पीठ ढवळायची, झाकून ठेवायची, मग मळायची. भाकरी तुटायची नाही. भाकरी उतरली की त्याच तापल्या तव्यावर तेलाचा थेंब, लसूण, मिरची, आणि बेसनाचं पाणी. तव्यावरचं पिठलं. एक भांडं कमी घासायचं, एक तांब्या पाणी वाचायचं. हुलगे मिळाले त्या दिवशी शेंगोळे. मग पडवीचं दार सताड उघडं ठेवून, तोंड रस्त्याकडं करून जेवायला बसायची. कोणी म्हणालं, "आगं, दार लोटून घे, नजर लागंल," तर म्हणायची, "लागू दे. अठ्ठावीस वर्सं चुलीम्होरं पाठमोरी जेवले."

मी एकदा भुकेल्या पोटी नेमका जेवायच्या वेळी पोचलो. तिनं स्वच्छ सांगितलं, "दादा, माझ्याकडं जेवायचं आसंल तर आदल्या दिशी सांगून येत जावा. मी एकाचंच करती." मला रागच आला. गावात पाहुण्याला असं कोणी बोलत नाही. पण ती काही माझी समजूत काढायला उठली नाही, जेवत राहिली.

कार्डाचा नियम सोपा होता. चूल वेगळी तर कार्ड वेगळं. पौषात चौकशीला तलाठी आले. आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. हे भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते, पण कागद भरताना त्यांना कागदापलीकडचं दिसायचं नाही. मी, पुंजाराम, शेजारची चार माणसं पडवीशी उभी.

"चूल कुठाय?"

"ही काय."

"भांडी?"

तिनं तवा, काठवट, एक पातेलं, जर्मनचं ताट, तांब्या असं एकेक पुढं ठेवलं.

"आज पेटवली?"

"सकाळीच."

"कशानं पेटवली?"

"इस्तवानं."

"विस्तव कुठनं आणला?"

"बनूच्या चुलीतनं," मनकर्णा सरळ म्हणाली. "रोजच आनती. खापरीवर चार निखारं."

खेड्यात विस्तव मागून आणणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. ज्या घरची चूल आधी पेटली तिथून बाकीच्या बाया खापराच्या तुकड्यावर निखारे न्यायच्या. त्यासाठी काडी ओढणं उधळेपणाचं समजलं जायचं. सून सासूपासून वेगळी राहिली, बोलणं बंद झालं, तरी विस्तव बंद नसायचा. मनकर्णाला वाटलं, यात लपवायचं काय? आणि इथंच ती फसली.

भाऊसाहेबांनी पुंजारामाकडं पाहिलं. "काय, एकत्रच म्हणायचं ना?"

पुंजाराम खाली मान घालून म्हणाला, "एकच हाय, साहेब. येगळं कोन करील बहिनीला? गाव तोंडात श्यान घालंल माझ्या."

भाऊसाहेबांनी कागदावर लिहिलं, मी मान वाकडी करून वाचलं: 'विस्तव एकत्र, सबब चूल एकत्र.'

मला जे बोलायचं होतं ते मी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन बोललो. टेबलावर हात आपटून बोललो. तिथल्या कारकुनानं शांतपणे मनकर्णाचा अर्ज उचलला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. मी परत येऊन तिला सांगितलं, "कसा सरळ केला त्यांना बघा!"

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मंग कारड कदी भेटंल?"

"ते... थोडं लांबलं."

"म्हंजी तुमच्या वरडण्यानं तुमचं डोस्कं थंड झालं, अन् माझी चूल बी. पुन्यांदा अर्ज लिवा. अन् या बारीला तुमी तोंड उघडू नगा."

मी दुसरा अर्ज लिहिला, आणि जाताना भिंगारच्या बाजारातून एक काडीपेटी घेऊन गेलो. म्हटलं आता मागू नका कुणाकडं. तिनं ती उलटसुलट करून माझ्या हातात परत दिली.

"काडीनं पेटवली तर भाऊसाहेब म्हनंल, आज दावायला पेटवली. माझी चूल इझतच न्हाई असं झालं पायजे."

त्या दिवसानंतर तिनं बनूच्या चुलीतला एक निखारा घेतला नाही. बाभळीचा वाळका खुंट आणून तो चुलीत पेटवला, स्वयंपाक झाला की त्यावर राख ओढायची आणि राखेखाली विस्तव जपायची. सकाळी राख सारली, दोन तुराट्या लावल्या, फुंकणीनं फुंकर घातली की पुन्हा जाळ. गुरं छावणीत गेलेली, शेण मिळेना, गोवऱ्या नाहीत. कामावरून येताना ही बाई दिवसभर खडी फोडलेल्या हातांनी वाटेतली मुळं-खुंट उकरून डोक्यावर आणायची. एकदा तापानं फणफणली होती तेव्हा भाऊच म्हणाला, "आक्का, आजच्या दिवस आमच्यात जेव." तिनं उठून दीड मूठ पीठ भिजवलं. भाकरी खाल्ली नाही, नुसती भाजून ठेवली. म्हणे, चुलीचा खाडा नको.

आणि राख. भांडी घासायला लागेल तेवढी सोडून बाकी सगळी राख ती एका फुटक्या रांजणात भरत गेली. मी विचारलं तर म्हणाली, "ह्यो माझा सातबारा."

शिमग्याच्या आधी, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, भाऊसाहेब पुन्हा आले. मी तिनं बजावल्याप्रमाणं तोंड मिटून उंबऱ्याशी बसलो. ते मला किती जड गेलं हे मलाच ठाऊक. पुंजाराम त्याच्या ओट्यावर.

"आज विस्तव कुठनं?"

"माझ्याच चुलीतनं. कालचा. कालचा बी परवाचा. दीड म्हैना झाला." तिनं रांजण पुढं ओढला. "ही बगा त्येची राख."

भाऊसाहेबांनी बोटानं राख चिवडली. "राख काय, गावच्या उकिरड्यावर पाहिजे तेवढी. हिच्यावर नाव लिहिलंय का तुझं?"

मनकर्णाचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला पाहिला मी. सहा आठवड्यांचा रांजण, आणि एका वाक्यात उकिरडा झाला. माझी मूठ आवळली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मूठ सोडली.

तेवढ्यात घराच्या बाजूनं बनुबाई आली. डोक्यावर पदर, हातात खापरी. भाऊसाहेबांकडं बघितलंसुद्धा नाही.

"वन्सं, जरा इस्तव द्या वं. माझी चूल इझली."

मनकर्णा बनूकडं बघत राहिली. मग वाकली, राख सारली, खालचे लालबुंद निखारे चिमट्यानं एकेक करून खापरीवर ठेवले. चार. एक आणखी ठेवला, पाच. आणि तशीच वळून म्हणाली,

"लिवा, भाऊसाहेब. इस्तव एकत्र. म्हंजी आता पुंजारामाची चूल माझ्या चुलीत आली. त्येचं कारड माझ्या नावावर करा, अन् त्येला ल्हान्या अक्षरात लिवा खाली."

शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. भाऊसाहेबांनाही हसू आवरेना. पेन हातात तसंच धरून ते ओट्याकडं वळले. "काय रे पुंजाराम? तुझं म्हणणं काय? एकत्र का वेगळी? नीट सांग, मी पुन्हा येणार नाही."

पुंजाराम उठला. बायकोच्या हातातली खापरी बघितली, बहिणीकडं बघितलं. गावाची लाज एका बाजूला होती, आणि दुसऱ्या बाजूला त्याला दिसत होता तो दीड महिन्याचा रांजण.

"येगळी हाय, साहेब," तो शेवटी म्हणाला. "तिचं तिखट मला सोसत न्हाई."

भाऊसाहेबांनी लिहिलं. या वेळी मला मान वाकडी करावी लागली नाही, त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: 'चूल स्वतंत्र.'

मी पाणी प्यायला म्हणून बनुबाईच्या घरात गेलो. नुसती विझलेली चूल कोरडी असते, करडी असते. बनुबाईची चूल ओली होती. काळ्या राखेतून पाणी अजून ओघळत जमिनीवर येत होतं, आणि त्या पाणीटंचाईच्या वर्षात एक अख्खा तांब्या त्या बाईनं चुलीत ओतला होता. तिनं मला बघताना बघितलं. "तांब्या लवंडला," ती म्हणाली, आणि खापरीतले निखारे कोरड्या कोपऱ्यात मांडू लागली.

कार्ड आलं ते चैत्रात. मीच कचेरीतून घेतलं, त्याच कारकुनाच्या हातून, आणि एक शब्द न बोलता. भर उन्हात चालत गावात पोचलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मनकर्णा नुकतीच तव्यासमोर बसलेली, दार सताड उघडं. मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, मी बोट ठेवून वाचलं. कुटुंबप्रमुख: मनकर्णा. माणसं: एक.

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिनं कार्ड पदरानं पुसलं, पीठ लागलेलं होतं, आणि तांदळाच्या रिकाम्या डब्याखाली सरकवून ठेवलं. मग तवा खाली उतरवला, ताटात भाकरी घेतली, पिठलं वाढून घेतलं. लसणाचा असा वास सुटला की माझ्या तोंडाला पाणी आलं. मी उंबऱ्यावर जरा सरसावून बसलो. म्हटलं आजच्या दिवशी तरी.

"दादा," मनकर्णा पहिला घास मोडत म्हणाली, "तुमी काल सांगून आला न्हाई. पीठ दीड मूठच भिजवलंय."