दाराजवळचे बूट

बूटपॉलिशचा वास आला की नॉटिंगहॅममधलं आईचं भाड्याचं घर आठवतं. बाबा गेल्यावर तिचं निम्मं भाडं हाउसिंग बेनिफिट या सरकारी मदतीतून जायचं, आणि कमावता मुलगा सोबत राहतो असं ठरलं तर ती मदत कमी होणार होती. मी राहायचो कार्डिफला. एकदा नेमका वीकेंडला जोडून सोमवारी आईकडे थांबलो, आणि ही मदत देणाऱ्या कौन्सिलची बाई तपासणीला दारात हजर. तिची नजर थेट दाराजवळच्या पुरुषाच्या चकचकीत बुटांवर गेली. “मुलगा इथेच राहतो ना?” आईने तिला सांगितलं, “ते माझ्या मिस्टरांचे. घरात बाई एकटी आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू नये, म्हणून दर रविवारी पॉलिश करून ठेवते.” मी घाईघाईने त्यात पाय घालून दाखवला, टाच बाहेरच राहिली. बाईने ते लिहून घेतलं. मदत चालू राहिली, पण माझी धास्ती काही गेली नाही. आजही आईकडे गेलो की बाबांचे बूट दाराशी असतात, आणि माझे मी पिशवीत घालून आत नेतो.