एका घरात एकच भांडं

गानू काकांनी भांड्यांवर स्वतःच्या नावाआधी ‘कै.’ घातलं, तेव्हा ते चांगले ठणठणीत होते आणि माझ्या हातच्या पोह्यांची दुसरी बशी संपवत होते. भांड्यांवर नावं घालायचं विजेचं मशीन त्यांनी कारखान्यातून निवृत्त होताना मागून आणलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी एक स्टीलचं पातेलं पालथं घातलं, चष्मा कपाळावर चढवला आणि गुर्रर्र करत कोरायला सुरुवात केली. मशीन थांबल्यावर मी वाकून वाचलं, ‘कै. सौ. शरयू व कै. मनोहर गानू यांच्या स्मरणार्थ’.

“काका, यात एक ‘कै.’ जास्त झालं,” मी म्हणाले.

“बरोबर आहे ते. मी रस्त्यात कुठंतरी जाणार, मग मागाहून कोण मशीन घेऊन घरोघर हिंडणार? ‘सौ.’ मुद्दाम ठेवलंय बघ. ती आधी गेली ना.” एवढं बोलून त्यांनी लिंबाची फोड मागितली.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लग्न होऊन मी परदेशात, इथे नेपरव्हिलला आले, त्याच्या वर्षभर आधीच शरयू काकू गेल्या होत्या. काका आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं, मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे गणपतीची सजावट असो की बर्फात रुतलेली गाडी, काका मोजायची टेप घेऊन हजर. “टॉलरन्स ठेवला पाहिजे,” हे त्यांचं पालुपद. दारात, पाहुण्यांच्या वेळेत, नवराबायकोच्या बोलण्यातही थोडी फट ठेवायची, म्हणजे काही अडकत नाही, असं ते सांगायचे. आमच्या संसारात पहिल्या वर्षी ही फट फारच रुंद होती, पण तो विषय वेगळा.

एका रविवारी काकांच्या दारात एक लांबलचक आरव्ही येऊन उभी राहिली. पलंग, शेगडी, संडास सगळं पोटात असलेली गाडी. इथले निवृत्त लोक अशा गाड्या घेऊन हिंडतात हे आम्ही पाहिलं होतं, पण आपल्यातला माणूस घर विकून कायमचा गाडीत राहायला जाणार, हे कुणाच्या पचनी पडेना. आमच्या मराठी मंडळींतल्या साठे वहिनींनी तर त्यांना आडून आडून एका डॉक्टरचं नाव सुचवलं. काका म्हणाले, “डोकं जागेवर आहे. घर तेवढं जागेवर राहू द्यायचं नाहीये.”

मग सामानाची वासलात लावणं सुरू झालं. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक वस्तू दोन्ही हातांत धरून डोळे मिटून उभं राहायचं. थोड्या वेळानं म्हणायचे, “ही सोडते,” किंवा, “ही सोडत नाही.” सोडणाऱ्या वस्तू गराज सेलमध्ये, म्हणजे दारात मांडून विकायला. सोफा, टीव्ही, बर्फाची फावडी, पाहुण्यांचे पलंग दुपारपर्यंत गेले. काकूंच्या साड्या आम्ही बायकांनी वाटून घेतल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. खोल्या रिकाम्या होत गेल्या तसा काकांचा आवाज घरात घुमायला लागला, आणि ते एक वाक्य बोलून थांबायचे, आतून कुणी उत्तर देतंय का ते ऐकल्यासारखे. मला ते बघवत नसे.

न सोडणारी उरली ती नऊ भांडी. आहेरात आलेली, काकूंनी बोटीतून बरोबर आणलेली. ती त्यांना परक्यांना विकवेनात. “नाव असलेलं भांडं गोऱ्याला कसं देणार? त्याला काय कळणार कुणाचं ते?” म्हणून नऊ मराठी घरं त्यांनी निवडली आणि प्रत्येक घरी मशीन घेऊन जाऊन, चहापोहे खाऊन, एकेक भांडं कोरून दिलं. पातेलं आणि त्याचं झाकण माझ्या वाट्याला आलं. अट एकच होती.

“एका घरात एकच भांडं, मीना. दुसरं कुणी दिलं तरी घ्यायचं नाही.”

“का हो काका?”

त्यांनी मशीनची वायर नीट गुंडाळली. मग म्हणाले, “चहा उतू जाऊ नये म्हणून शरयू पातेल्यावर झाकण तिरकं ठेवायची, आणि ठेवताना दोनदा टिचकी मारायची. टण्ण, टण्ण. सकाळी सहाला. ती गेल्यावरही वाजतं ते. खाली जाऊन बघावं तर सगळं जागच्या जागी. भांडी एकत्र आहेत तोवर ती त्यांच्यात अडकणार, आणि मी तिच्यात. पांगली की दोघंही सुटू.” पंपाची गळती समजावून सांगावी इतक्या शांतपणे ते हे बोलले. माझ्या हातातली बशी मात्र थंड पडली होती. मी शब्द दिला.

ऑक्टोबरात काका गाडी घेऊन निघाले. महिन्याला एक कार्ड यायचं, दोन ओळींचं. न्यू मेक्सिकोतून आलेल्या कार्डावर होतं, ‘इथे फार शांत आहे. कानाला अजून सवय होत नाही.’

इकडे मराठी मंडळींना वेगळंच भय बसलं होतं. जिवंत माणसाच्या नावाआधी ‘कै.’ असलेलं भांडं घरात ठेवायला कुणी धजेना, आणि नाव घातलेलं भांडं टाकून देणंही आपल्या माणसाला जमत नाही. सगळ्यांत आधी साठे वहिनी परात घेऊन आल्या. “अगं, सासूबाई येतायत इंडियातून. त्यांनी हे वाचलं तर त्या पाणीसुद्धा घेणार नाहीत माझ्याकडे. तुझ्या बेसमेंटमध्ये ठेव ना थोडे दिवस.” मग कुणी डबा आणला, कुणी ओगराळं. शहरात पीएचडी करणारा एक मुलगा कढई पिशवीत घालून ट्रेननं आला. “वहिनी, मी मानत नाही हे सगळं, पण हे वाचल्यापासून रूममेटची झोप उडालीय यार,” असं म्हणाला आणि बूटही न काढता परत फिरला.

प्रत्येकाला मी ‘थोडे दिवस’ म्हणूनच हो म्हटलं. काकांची अट मला आठवत नव्हती असं नाही. आठवत होती, पण भिडेपोटी मान हलवायची आणि मग दार लावून चरफडायचं, हा माझा जुना स्वभाव. जानेवारीत आठवं भांडं आलं. मी बेसमेंटच्या फळीवर सगळी नीट लावली आणि माझं पातेलंही वरून आणून मधोमध ठेवलं. एकटं वर कशाला, एवढाच विचार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चहा घेत होतो. खालून आवाज आला. टण्ण, टण्ण.

“फर्नेसचा पाइप आहे. घर तापलं की एक्स्पांड होतो,” अविनाश म्हणाला. माझा नवरा प्रत्येक गोष्टीला पाइप शोधतो. मी घड्याळाकडे पाहिलं, सहा वाजले होते. पाइप त्यानंतर रोज सहालाच एक्स्पांड होऊ लागला. चौथ्या दिवसापासून अविनाशनं त्या वेळी रेडिओ लावायला सुरुवात केली.

फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फ असताना, काकांची आरव्ही आमच्या दारात उभी राहिली. थंडीत अशी गाडी घेऊन उत्तरेला कुणी येत नाही, सगळे दक्षिणेला पळतात. काका बारीक झाले होते, दाढी वाढली होती. आत येऊन बूट काढता काढता त्यांनी विचारलं, “सगळी जमलीयेत ना?”

मी त्यांचा कोट घेऊन खुंटीला अडकवला.

“महिना झाला, गाडीत रोज वाजतंय. गाडीत वाजायला आहे काय? एक प्लास्टिकचा मग. आणि पाचला वाजतं. मी विचार केला, पाचला का? मग लक्षात आलं, तिथले पाच म्हणजे इथले सहा.”

मी त्यांना बेसमेंटमध्ये नेलं. फळीवरच्या एकेका भांड्यावरून त्यांनी नजर फिरवली.

“हे कुणी लावलं?”

“मीच.”

“पराती मागे उभ्या, डबे डावीकडे, ओगराळं खिळ्याला, पातेलं मध्ये. शरयूचं स्वयंपाकघर तू पाहिलं होतंस?”

“नाही काका. मी आले तेव्हा त्या नव्हत्या.”

त्यांनी फळीला हात टेकला आणि खाली जमिनीवरच बसले. मला रडू फुटलं. एका माणसानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी कुणालाही नाही म्हणता येत नाही म्हणून मोडली होती.

त्या रात्री त्यांनी कॉट फळीजवळच टाकून घेतली. सकाळी सहाला आवाज आला तेव्हा मी जिन्यात होते. खाली गेले, तर काका कॉटवर बसलेले, डोळे ओले आणि चेहऱ्यावर हसू.

“इथंच राहू का गं? मला एक कॉट पुरे,” ते म्हणाले.

मी हो म्हणणारच होते. मनापासून हो. पण त्यांनीच हात वर केला. “नको. मी सुखात राहीन, पण ती? मेल्यावरही रोज सहाला उठून चहा करायचा? बास झालं तिला.” मग नाक पुसून एकदम कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, “चूक डिझाइनची आहे. ज्यांना वाचता येतं त्यांना मी दिली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना द्यायला हवी होती.”

त्याच दिवशी आम्ही आरव्हीतून निघालो. आठ भांडी मागच्या पलंगावर, प्रत्येक वेगळ्या टॉवेलात. पश्चिमेकडच्या रस्त्यानं आठ गावं, प्रत्येक गावात जुन्या वस्तूंचं एक दुकान, प्रत्येक दुकानात एक भांडं. काका ते स्वतः आत नेऊन काउंटरवर ठेवायचे. तिसऱ्या गावातल्या म्हातारीनं परातीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “किती सुंदर नक्षी आहे. याचा काही अर्थ आहे का?”

“नाही. नक्षीच आहे,” काका म्हणाले. गाडीत येऊन बसल्यावर त्यांनी बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

अंधार पडायच्या आत त्यांनी मला घरी सोडलं. जेवायलासुद्धा थांबेनात. दारातून परत वळून मात्र म्हणाले, “तुझ्या पातेल्याचं झाकण नेऊ का? गाडीत चहा फार उतू जातो.” मी आणून दिलं. त्यांनी ते कोटाच्या आत, छातीशी धरलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी सहाला आमच्याकडे काही वाजलं नाही. अविनाशनं रेडिओ लावला, मग आपणच बंद केला.

दीड वर्षानं न्यू मेक्सिकोतल्या गाडीतळाच्या मालकाचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. त्यांच्या वहीत पत्ता एकच होता, माझा. पुढे त्या माणसानं एक पार्सल पाठवलं, सोबत चिठ्ठी. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाकण होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं की मिस्टर गानू फार शिस्तीचे गृहस्थ होते. रोज पाचला उठून चहा करायचे आणि बाहेरच्या टेबलावर दोन मग मांडायचे. शेजारच्या गाडीतल्या लोकांना ठाऊक होतं की यांची बायको पहाटे उठते, कारण झाकण ठेवल्याचा आवाज त्यांना रोज ऐकू यायचा. तर मिसेस गानूंना कुठे कळवायचं, हे कृपया सांगावं.

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग हसायला आलं. आठ गावं हिंडून मला तत्त्वज्ञान ऐकवणाऱ्या, काकूंना सोडवायला निघालेल्या माणसानं शेवटी त्यांना कोटात लपवून बरोबर नेलं होतं. हसता हसता केव्हा रडायला लागले ते कळलं नाही. माझ्या ओळखीत एवढ्या सचोटीचा दुसरा माणूस नव्हता, आणि त्यानं केलेली ही एकच लबाडी मला अजून सगळ्यात जास्त आवडते.

पातेलं मी तेव्हाच बेसमेंटमधून वर आणलं होतं आणि तेव्हापासून ते आमच्या ओट्यावरच होतं, झाकणाविना. एका घरात एकच भांडं. पातेलं आणि त्याचं झाकण मिळून एकच धरतात, असं मी स्वतःला समजावलं आणि रात्री झोपण्यापूर्वी ते झाकण पातेल्यावर घट्ट, सरळ बसवलं. पहिल्यांदाच पातेल्यावर कोरलेली सगळी अक्षरं खरी होती.

सकाळी सहाला स्वयंपाकघरात आले, तर झाकण तिरकं होतं. अविनाशला मी काही विचारलं नाही. त्याच पातेल्यात चहा टाकला, रोजच्यापेक्षा दोन कप जास्त.