एका मिश्रीत किती चावे

बयाबाईने मेंढीच्या गळ्यातली पितळी घंटी काउंटरवर अशी आपटली, की साताऱ्याच्या पशुसंवर्धन कचेरीतल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"ही चंदीची. मेलेल्या अकरातली पयली," ती म्हणाली. "आता सांगा, माझी लस कुनाला टोचली?"

काउंटरमागचा कारकून विश्वजित शांतपणे म्हणाला, "मावशी, आधी बसा. तुमचं गाव कुठलं?"

"पुन्यांदा गाव!" बयाबाई कडाडली. शेजारी तिचा नवरा बिराप्पा फेटा सावरत उभा होता. त्याने नजर फरशीला लावली ती वर केलीच नाही.

हा राग एका दिवसाचा नव्हता.

बयाबाई माण तालुक्यातल्या चिंचेवाडीची. धनगराघरी जन्मली, धनगराघरी नांदली, आणि साठातली निम्मी वर्षं तिने दुसऱ्यांच्या रानात तळ टाकून काढली. पावणेदोनशे मेंढरं, दोन घोडी, कुत्री आणि बिराप्पा, एवढा संसार. मुलगा धनाजी मुंबईला, तो सणासुदीला यायचा. बिराप्पाला वाटा पाठ होत्या आणि बयाबाईला माशा. दुपारी छळते ती गोमाशी. ती डसली की मेंढरू उडी मारतं, माणूस शिवी देतो आणि विषय संपतो. भ्यायचं ते चिलटाला. तिळाहून बारीक जीव. दिवस कलला की ओल्या रानातून उठतो आणि मेंढराच्या कानात, कासेला, जिथे लोकर नाही तिथे बसतो. मेंढरू नुसतं कान हलवतं. पण आठ-पंधरा दिवसांनी त्याच मेंढराचं तोंड सुजतं, जीभ निळी पडते, पाय लंगडतात.

चिलटं मोजायची तिची रीत सासूकडून आलेली. सांजेला मिश्री लावायला बसलं की डावा हात कोपरापर्यंत उघडा ठेवायचा आणि हलवायचा नाही. मिश्री लावून चूळ भरेस्तोवर हातावर किती चावे उठले ते मोजायचं. पाचाच्या आत असले तर तळ राहू द्यायचा. दहाच्या वर गेले तर रात्रभर धूर करायचा आणि सकाळी उठून उंच माळ गाठायचा.

गेल्या वर्षी ह्याच कचेरीतल्या डॉक्टर राजेश्वरी तळावर आल्या, त्या चिलटांवर नजर ठेवायची योजना घेऊन. ठिकठिकाणच्या मेंढपाळांनी रोज सांजेला फोन करून चिलटांचा आकडा सांगायचा, आणि जिथे आकडा चढेल तिथे रोगाच्या आधी लस पोचवायची. मिश्रीची रीत ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ लावून बघितलं. "सात मिनिटं. आणि रोज तेवढीच? मावशी, आमच्या सापळ्यापेक्षा हे बरं," त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यावर बयाबाईने वर्षभर एक सांज चुकवली नाही. तापाने फणफणली होती तेव्हाही नाही.

"माझ्या बायकूला सरकारनं मिश्री लावायची नोकरी दिलीया," बिराप्पा भेटेल त्याला सांगायचा.

यंदा माणात पाऊसच झाला नाही. म्हणून भाद्रपदातच दोघं मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी उतरली. नानासो नावाच्या बागायतदाराने लेंडीखतासाठी आपल्या पडीक तुकड्यात मेंढरं बसवून घेतली. तिन्ही बाजूंनी ऊस. पहिल्या सांजेला सात चावे. तिसऱ्या दिवशी बारा. आठव्या दिवशी एकोणीस. रोज बयाबाईचा फोन जात होता. "एकोनीस झाले. कृष्णाकाठाला हाय आमी. लस पाठवा."

पूर्वीची बयाबाई बाराच्या आकड्यालाच माळावर चढली असती. पण आकडा चढला की गाडी येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तळ हलवला तर गाडीला सापडायचा कसा? म्हणून ती थांबली. दोन आठवडे रस्त्याकडे बघत थांबली. गाडी आली नाही, आणि पितृपंधरवडा सरता सरता चंदीने खाली टाकलेला पाला हुंगून सोडून दिला. तिचा जबडा फुगला होता.

आता विश्वजितने रजिस्टर उघडून तिच्यासमोर फिरवलं. "लस वेळेत पाठवलीय, मावशी. ही बघा नोंद. अठरा तारीख, चिंचेवाडी. गावात होत्या त्या चौदा मेंढ्यांना लस दिली. पुढे शेरा आहे. उरलेला कळप गैरहजर."

"गैरहजर?" बयाबाई रजिस्टरवर वाकली. "मेंढरं काय शाळंत जात्यात व्हय रं?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि तिची नजर वळताच गप्प झालं.

"रोज फोनवर वरडत हुती की, कृष्णाकाठाला हाय म्हनून!"

"फोनवर फक्त आकडा आणि गाव घेतात. गाव नोंदणीतलंच लागतं. तरी आम्ही खात्री केली होती." विश्वजितने पान उलटलं. "सतरा तारखेला दुपारी फोन केला. बिराप्पा म्हणून कोणी उचलला. गाव विचारलं, त्यांनी चिंचेवाडी सांगितलं."

बयाबाई सावकाश नवऱ्याकडे वळली. "आवं?"

"त्यानं गाव इचारलं," बिराप्पा पुटपुटला. "गाव इचारल्यावर मानूस आपलं गाव सांगतोय. दुसऱ्याच्या रानाचं नाव सांगतोय व्हय?"

"मला का न्हाई बोलला?"

"बोलन्याजोगं काय हुतं त्यात?"

खरंच काही नव्हतं. उभ्या जन्मात कुठल्याही विहिरीवर, कुठल्याही बाजारात कोणी विचारलं, तर दोघांनी चिंचेवाडीच सांगितलं होतं. फोन तिने उचलला असता तर तिच्याही तोंडून तेच गेलं असतं. हे कळलं तसा तिचा राग उतरायच्या ऐवजी टाळूला गेला.

"ह्यो चुकला. ह्याच्याकडं मी तळावर गेल्यावर बघती," ती विश्वजितला म्हणाली. "पन ह्यो चवथीतनं पळाल्याला मानूस हाय. तुमी तर शिकलेली. मेंढरवाल्याला गाव इचारून काय करायचं? गाव हाय तिथंच हाय, त्याला कवा चिलट डसलं न्हाई. मेंढरं आज कुठं हाईत, ते इचारायचं!" तिने डावा हात उघडा करून रजिस्टरवर ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल-काळे डाग होते. "ह्ये वाचा. ह्यात गाव लिवलंय?"

"तसा रकाना नाही, मावशी."

"मग वढ की रं रेघ! पट्टी हाय न्हवं तुझ्याकडं?"

आवाज ऐकून आतून राजेश्वरी आल्या. रजिस्टर वाचून त्यांनी मिटलं. "चूक आमची आहे. लस घेऊन मी आत्ताच निघते," त्या म्हणाल्या. "पण मावशी, खोटं सांगत नाही. आज टोचली तरी मेंढरांत ताकद यायला पंधरा-वीस दिवस जातील. तोवर..."

"तवर चिलटांना काय सांगू? दम धरा?"

"तोवर माळावर चढवा."

"चढवनारच हुते!" बयाबाईचा आवाज फाटला. "बारा चावे झाले तवाच चढवनार हुते. गाडीसाठी थांबले. तुमच्या शब्दावर थांबले, बाई!"

विश्वजितने घंटी उचलून हळूच पुढे केली. तिने ती परत सारली. "ऱ्हाऊ दे हितंच. हजेरी घ्यायला लागंल."

दुपारी जीप कृष्णाकाठी पोचली. निरोगी मेंढरांना लस टोचली. नऊ मेंढरांची तोंडं सुजलेली होती, त्यांना लसीचा उपयोग नव्हता. ती ताटीच्या आडोशाला वेगळी बांधली, औषध पाजलं आणि जीप गेली.

दिवस कलल्यावर बयाबाईने मिश्री लावली. पंधरा चावे. फोन लावला. पलीकडचा माणूस आकडा लिहून म्हणाला, "गाव?"

तिने फोन बिराप्पाच्या हातात दिला. "सांगा."

बिराप्पाने घसा साफ केला. "मेंढरं कऱ्हाडच्या खाली, नानासोच्या उसाकडंला हाईत. उद्या माळावर जातील. परवा कुठं, ते परवा इचारा."

"ते ठीक आहे, काका. पण गाव?"

बयाबाईने फोन हिसकावला. "गाव गैरहजर हाय म्हनून लिवा!" फोन बंद करून तिने चूळ भरली, आणि पातळ पेजेची कासंडी उचलून ती त्या नऊ मेंढरांकडे गेली.