रेसिंगच्या गेमविरुद्धचं माझं पत्रक

पत्रकात मी लिहिलं होतं, 'या गेममध्ये मुलांना माणसं चिरडायला शिकवतात.' वाक्य जोरदार होतं. खोटंही होतं, पण ते मला कळलं पाचशे प्रती कामोठ्यात वाटून झाल्यावर.

मुळात प्रकरण गेमचं नव्हतंच. शाळेजवळच्या वळणावर आम्हाला गतिरोधक हवा होता. आई तिथेच पहिल्या मजल्यावर शिकवणी घ्यायची आणि तिच्याकडची दुसरीतली एक मुलगी टेम्पोखाली येता येता वाचली होती. तेव्हापासून आई दुखऱ्या गुडघ्यांनी रोज संध्याकाळी खाली उतरायची आणि मुलांची साखळी करून त्यांना पलीकडे सोडायची. अर्ज घेऊन गेले तर पालिकेच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, वळणावरच्या सगळ्या दुकानदारांच्या सह्या आणा, मागाहून कुणाची तक्रार नको. अकरा दुकानं होती. दहा सह्या मिळाल्या. अकरावं दुकान गेम पार्लरचं, आणि त्याच्याच विरोधात मी नुकतं पत्रक काढलेलं! तिथून निघणारी पोरं बाइक उडवतात, म्हणजे दोष गेमचा, एवढाच माझा अभ्यास. आमच्या सेक्टरच्या नागरिक गटात पत्रकं अशीच निघायची. आधी संताप, मग मथळा. माहिती जमली तर.

पार्लरचे मालक कुवेतहून परतलेले, पनवेलच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. सगळे त्यांना चाचा म्हणत. माझं पत्रक त्यांनी टेबलाच्या काचेखाली नीट पसरून ठेवलं होतं.

"सही देतो, बेटा. आधी हे चिरडणं कुठे आहे ते दाखव."

"त्यात दाखवायचं काय? सगळ्यांना माहीत आहे."

"मला नाही माहीत. बस इथे."

बसले. शेजारच्या खुर्चीवर जुन्या कामोठे गावातले एक रिक्षावाले काका खाकी शर्टातच खेळत होते. माझी गाडी पहिल्याच कोपऱ्यावर थांबली, तर ते वैतागले. "बिरेक सोर ना ताई! इथं त्याचा काय काम नाय."

खरंच नव्हतं. कबूल करायला आजही जीवावर येतं, पण गेम चांगला होता. पाच मिनिटांत हात बसला. बटण दाबून धरलं की गाडी वळणावर आडवी घसरत जायची आणि तिच्याबरोबर मीही खुर्चीत कलायचे. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे रंग असे पडायचे की आमच्या सेक्टरचे पिवळे दिवे आठवून चीड आली. पण कितीही छान चालवा, मागची गाडी शेवटच्या वळणावर बरोब्बर येऊन चिकटायची. हा कुठला न्याय? भिंतीवर भरधाव आपटलं तरी बोनेटला पोचा नाही. दर शर्यतीआधी गुंडांची बडबड, ती टाळायची सोय नाही. आणि रस्ते फिरून फिरून तेच.

मी चिडून ती चिरडायची माणसं शोधत होते. फूटपाथ रिकामा, चौक रिकामा. पोलिसांच्याही नुसत्या गाड्याच.

"लोकं कुठायत?" मी विचारलं.

"माणसा नाय हायेत," काका म्हणाले. "आमी दिसभर हारन मारून थकतो. इथं कोन मधी आरवा येत नाय. म्हून तं येतो."

चाचांनी काच उचलली, पत्रक काढलं आणि पेनसकट माझ्यापुढे सरकवलं. मी ते वाक्य खोडलं. पेन कागदात रुतलं, ते रागाने, लाजेने नव्हे. निदान तेव्हा मी असंच मानलं. वर लिहिलं, 'या गेममध्ये रस्ता ओलांडणारं कुणीच नाही.'

चाचांनी दोनदा वाचलं. "हे खरं आहे. आता हे पण वाट, घरोघरी."

"पाचशे घरी?"

"खोटं वाटताना पाय दुखले नाहीत ना?"

सही मात्र त्यांनी लगेच केली, उर्दूत, खाली मराठीत. अर्ज नाचवत मी वर गेले. आई वह्या तपासत होती.

"झाल्या सगळ्या सह्या!"

"छान," ती मान वर न करता म्हणाली. "मग गतिरोधक होईपर्यंत पोरांना तू सोडत जा."

खाली शिकवणीच्या पोरांच्या चपला वाजायला लागल्या होत्या. मी जिना उतरले आणि पुढच्या मुलीचा हात धरला. समोरून एक टेम्पो येत होता, हॉर्न न वाजवता. मी दुसरा हात वर केला आणि रस्त्याच्या मध्यात जाऊन उभी राहिले.