गाडी दबेना

खड्ड्याधोंड्यांच्या रानवाटांवर शर्यती लावणाऱ्या मोटरसायकलींचे धक्के झेलणारे शॉकअप तो दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बायकोही मिस्त्रीच म्हणे, फक्त पुढे ‘अहो’ लावून.

ती स्वतः शर्यतीत उतरणारी. दोघांची ओळखच भांडणातून झाली. उडी मारून उतरलं की गाडी हाडं खिळखिळी करते, अशी तक्रार घेऊन ती आली होती. त्याने सांगितलं, गाडीत काही दोष नाही, ती तुमच्या दुप्पट वजनाच्या माणसासाठी बनवलीय. मग तिच्या वजनाला साजेशी स्प्रिंग बसवून दिली. पुढच्या शर्यतीत ती दुसरी आली आणि ते सांगायला मुद्दाम कारखान्यात आली. मग काही ना काही निमित्ताने येतच राहिली.

लग्नानंतर प्रत्येक हंगामाआधी तो तिची गाडी नव्याने लावून देई. जुनं तेल काढायचा, धूळ खाऊन झिजलेली सीलं बदलायचा. मग ती हेल्मेट, बूट घालून गाडीवर बसायची आणि तो मागे गुडघे टेकून टेपने मोजायचा, तिच्या भाराने गाडी किती दबते ते. जास्त दबली तर स्प्रिंग नरम, कमी दबली तर कडक.

त्या वर्षी गाडी दबेना.

“अहो मिस्त्री, मागचं चाक लाथा मारतंय,” ती म्हणाली. त्याने शॉकअप उघडला, साफ केला, गॅस भरून घेतला. तरी तेच. शेवटी एका नंबरने नरम स्प्रिंग टाकली. काही आठवडे बरे गेले आणि पुन्हा चाक उडायला लागलं. स्प्रिंगच खोटी निघाली म्हणून तो विकणाऱ्याशी फोनवर कडाकडा भांडलासुद्धा.

फोन ठेवून वळला तर ती बाकावर बसून बूट काढत होती. पूर्वी ते ओढून काढायला त्याची मदत लागायची. आज पाय अलगद बाहेर आला. मिस्त्री तिच्यासमोर उकिडवा बसला.

“जेवतेस ना नीट?”

“पोटात दुखतं जरा. हंगाम संपला की दाखवू.”

त्याने हंगाम संपायची वाट पाहिली नाही. पण आजाराने आधीच हातपाय पसरले होते. डॉक्टर शांतपणे, समजावून बोलत होते आणि ती मान डोलवत होती. बाहेर आल्यावर तिने त्यालाच पाणी प्यायला दिलं. दुखणं कधीपासून अंगावर काढत होती, ते तिने नंतर सांगितलं. सांगितलं असतं तर त्याने गाडीची चावी लपवली असती, म्हणाली. चावी त्याने खरंच लपवली असती.

उपचार झाले, उतार काही पडला नाही. एका सकाळी तिने गाडीवर बसवायला सांगितलं. हेल्मेट तिला पेलवेना, तशीच बसली. तोल जाऊ नये म्हणून तिच्या धाकट्या बहिणीने हँडल धरलं.

“मोजा ना.”

त्याने टेप लावली. गाडी जेमतेम हलली होती.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

“खोटं बोलताय. उंच वाटतेय मला.”

तिला खुर्चीवर बसवून तो फळीवरच्या सगळ्या स्प्रिंगा धुंडाळत राहिला. पोरासोरांच्या छोट्या गाडीची एक होती. ती त्याने पातळ चकत्या घालून कशीबशी बसवली. असलं काम त्याने गिऱ्हाइकाला कधी करून दिलं नसतं. तिला पुन्हा उचलून बसवलं, तेव्हा गाडी हळूच खाली आली.

“हां, आता बसली,” ती म्हणाली आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून बराच वेळ तशीच राहिली.

महिना सरायच्या आत ती गेली.

गाडी कोपऱ्यात चादरीखाली उभी राहिली. बाकीच्यांची कामं मिस्त्री करत होता. पुढच्या हंगामाला मेहुणी आली आणि चाचरत म्हणाली, “भावोजी, ताईची गाडी मी चालवू का?” त्याने होकारार्थी मान हलवली. तिने बसून बघितलं तर गाडी पार तळाला टेकली. तिच्यासाठी स्प्रिंग बदलणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. त्याने पाना उचलला, बोल्टला लावला, तिथेच थांबला. मग पाना खाली ठेवून म्हणाला, “माझ्याच्याने नाही होणार. दुसरीकडे ने.”

दोन दिवसांनी, तिने गाडी नेली त्या मेकॅनिकचा फोन आला. ओळखीचाच होता, थट्टेखोर. हसत विचारू लागला, ही काय स्प्रिंग घातलीस मित्रा, कुठल्या बाळासाठी?

“माझ्या बायकोसाठी,” मिस्त्री म्हणाला.

त्याने फोन ठेवून दिला. समोर कुणाचा तरी उघडलेला शॉकअप रॉकेलमध्ये भिजत होता. तो ब्रश घेऊन घासायला बसला.