मॅडमचा उजवा हात

पेशंटचा हात जिथवर वर जाई, त्याच्या बरोबर एक बोट वर मॅडम आपला तळवा धरायच्या आणि म्हणायच्या, "इथवर तुमचं झालं. आता एक बोट माझं." ते एक बोट गाठताना तुमसरातली भली भली माणसं रडलेली मी पाहिली आहेत. धानाचे व्यापारी, बँकेचे मॅनेजर, एक निवृत्त फौजदार. मॅडमचा तळवा हलत नसे. खाली येत नसे आणि वरही जात नसे.

मॅडम फिजिओथेरपिस्ट होत्या आणि मी त्यांच्याकडे आठ वर्षं मदतनीस होते. पेशंटला धरायचं, शेक द्यायचा, रडणाऱ्या नातेवाइकांना बाहेर नेऊन बसवायचं. व्यायामाची खोली पहिल्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. लकवा मारलेली, खुब्याचं हाड मोडलेली माणसं एकोणीस पायऱ्या चढून यायची. खाली जागा घ्या, असं कोणी सुचवलं की मॅडम म्हणत, "अर्धा इलाज तं पायरीवरच होऊन राहिला. खाली आली तं मी काय करू?" तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे लोक शिव्या देत जातात, पण जातातच.

मॅडम सिहोऱ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, नागपूरला शिकलेली. शिक्षणानं त्यांची बोली काही बदलली नव्हती. एकदा त्या दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊन आल्या आणि आल्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ काढून त्यांनी कपाटात ठेवलं. तोवर पेशंट मोजून वीस वेळा हात वर करायचे. आता मोजणं बंद. डोळे मिटायचे, श्वास संथ सोडायचा आणि दुखतं तिथे लक्ष न्यायचं.

"दहा दिवस मांडी घालून बसली," त्या मला म्हणाल्या. "गुडघे फाटून राहिले होते. मंग त्या दुखण्याकडंच पाहत बसली. तवा समजलं, अर्धं दुखणं होतं अन् अर्धं भेव. दुखलं तं थांबाचं. भेव वाटलं तं एक बोट पुढं जाचं. पण कोणतं काय, हे ज्याचं त्यालेच पाहा लागते."

वनखात्यातला एक दणकट गडी गुडघा घेऊन आला होता. तो घरी चोरून शंभर शंभर बैठका मारायचा आणि सुजलेला गुडघा घेऊन यायचा. मॅडमनी त्याला तीन दिवस खुर्चीत बसवून ठेवलं. करायचं काहीच नाही, फक्त श्वासाकडे लक्ष. "तुले आरामाचं भेव वाटून राहिलं," त्या म्हणाल्या, "म्हणून तुले आरामच." तिसऱ्या दिवशी तो मला हळूच म्हणाला, "ताई, यापरीस हिनं मारलं असतं तं बरं झालं असतं."

पण सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. आंधळगावचे एक कोसा रेशीम विणणारे भाऊ होते, पन्नाशीचे, उजवी बाजू गेलेली. बायको त्यांना घास भरवायची. एके दिवशी मॅडमनी दोघांना डबा घेऊन बोलावलं, ताट वाढायला लावलं आणि बायकोला बाहेर काढलं. "खा," म्हणाल्या. आसपास दुसरे पेशंट होते. भाऊ अकरा वाजता जेवायला बसले, ते दुपारी दीडपर्यंत. वरण-भात तोंडापेक्षा शर्टावर जास्त. मध्येच ते हुंदके देऊन रडले. बाहेर पायरीवर बायको रडत होती. मी ताटाकडे हात नेला, तशी मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. शेवटचा घास गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या जुना शर्ट घालून येजा."

आठ महिन्यांनी भाऊ मागावर बसले. सांगायला म्हणून ते जिना चढून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमी मले जे लोकाइत रडवलं ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"नोका विसरू," मॅडम म्हणाल्या. "हात चालते ना?"

मलाही त्यांनी सोडलं नाही. एका म्हातारीचा हात मॅडमच्या तळव्याला पोचत नव्हता. मला दया आली. मी मागून तिच्या कोपराला थोडा आधार दिला आणि हात पोचला. म्हातारी हसली. ती गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "तू तिचं एक बोट चोरलं." नंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आठ वर्षांत त्यांनी मला एकदाही शाबास म्हटलं नाही. खरं सांगते, घरी जाताना कितीदा तरी मनात यायचं, या बाईला एकदा तरी दुसऱ्याच्या हाताखाली यावं लागलं पाहिजे.

तसंच झालं. गेल्या आषाढात, चहा गाळता गाळता, त्यांची उजवी बाजू गेली.

नागपूरच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा जीभ जड होती, पण बोलणं समजत होतं. पाय हलत होता, हात नव्हता. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो, भंडाऱ्याहून व्यायाम घेणाऱ्या कोणाला तरी बोलवायला निघाले होते. मॅडमनी नाही म्हटलं. "माही शिकवलेली आहे ना." आठ वर्षांतलं ते पहिलं कौतुक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ बसवून बजावलं, "मी 'राहू दे' म्हणीन. ऐकू नोको."

महिनाभर मी ऐकलं नाही. बोटं आत ओढली जायची, मी ती एकेक करून सरळ करायची. त्या डोळे मिटून श्वास सोडत राहायच्या. घाम यायचा, ओठ दाताखाली जायचा. मग एक दिवस त्यांचा श्वास तुटला. त्यांनी डोळे उघडले आणि लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे नं, माय, आज."

मी हात सोडला.

त्या हसल्या. डाव्या हातानं त्यांनी माझा गाल कुरवाळला. गुरुजींना हाक मारून म्हणाल्या, "हिले चहा करा." दुसऱ्या दिवशी मी थोडं आधीच सोडलं. तिसऱ्या दिवशी त्याहून आधी. मग आम्ही नुसतं तेल लावायचो आणि गप्पा मारायचो. सिहोऱ्याचं तळं, त्यांची शाळा, धानाच्या रोवणीची गाणी. मॅडम इतकं गोड बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. गुरुजी म्हणायचे, "तुम्ही आल्या की हिचा चेहरा खुलते." मी बघत होते, मूठ रोज थोडी थोडी मिटत होती. माझ्यासारखीला ते दिसत नव्हतं असं कसं म्हणू? पण तो गाल कुरवाळणारा हात मला हवा होता. आठ वर्षं मी त्याचीच वाट पाहिली होती.

दिवाळीच्या सुमारास मूठ पूर्ण मिटली. मी तेलाची वाटी घेऊन बसले, तेव्हा मॅडम कितीतरी वेळ त्या मुठीकडे पाहत राहिल्या. मग विचारलं, "काहून थांबली होती तू?"

"तुमीच तं म्हणाल्या, राहू दे."

"मी पेशंट होती. पेशंट तं म्हणतेच. तू कोण होती?"

मी घाईनं म्हटलं, आजपासून पुन्हा सुरू करू, रोज दोनदा करू. मी मुठीला हात लावला. त्यांनी डाव्या हातानं माझा हात बाजूला केला. "आता नोको. आता तू माह्यासाठी नाही करणार. तुह्या भेवापायी करशील." गुरुजींनी भंडाऱ्याहून माणूस आणला, त्यालाही त्यांनी दारातून परत पाठवलं. मी जात राहिले. गप्पा व्हायच्या. त्या हाताला मात्र त्यांनी मला पुन्हा शिवू दिलं नाही.

संक्रांतीच्या चार दिवस आधी, सकाळी दुसरा झटका आला आणि घरातून हलवायच्या आत त्या गेल्या. तासाभरात मी पोचले तेव्हा बायका त्यांना तयार करत होत्या. सवाष्ण गेली म्हणून हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. डावा हात झाला होता. उजव्या हाताशी सगळ्या अडल्या होत्या, कारण ती मूठ उघडत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमच्या जाऊबाई मला म्हणाल्या, "तुमालेच सवय आहे. तुमी पाहा बरं."

मी खाली बसले. मनगट धरलं, अंगठा बाजूला केला. बोटं एकामागून एक उघडली. काही जोर लागला नाही. तळवा सपाट माझ्या मांडीवर आला. पांढरी पडलेली कातडी आणि नखं रुतल्याचे चार वण.

आठ वर्षं हे काम केल्यामुळे मला कळायला वेळ लागला नाही. जीव गेला की स्नायू आधी सैल पडतात; पण सांधे कायमचे आखडले असते तर मेल्यावरही ती बोटं अशी सुटली नसती. आखडलं होतं ते नुसतं वरचं, स्नायूंचं. रोज कोणी ताणत राहिलं असतं तर सुटलं असतं.

जाऊबाईंनी एकेक करून बांगड्या चढवल्या. एकही फुटली नाही. मग माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताले गुण आहे, बाई."